सही आणि खुर्ची

रिबेका स्क्लूट यांचं 'द इमॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स' (२०१०) वाचून राग येतो, आणि तो यायलाच हवा. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात हेन्रिएटा ही कृष्णवर्णीय बाई कर्करोगावर उपचार घेत होती. तिला न विचारता गाठीचा तुकडा काढून घेतला. त्याच वर्षी ती गेली. तिच्या पेशी मात्र 'हेला' या नावानं जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. घरच्यांना वीसएक वर्षं पत्ताच नव्हता. पुढं संशोधकांनी मुलांचंही रक्त नेलं. त्यांना वाटलं, आपली कर्करोगाची तपासणी चाललीय!

जैन घरात वाढलेल्या बाईला यासाठी शब्द शोधावा लागत नाही. अदत्तादान, म्हणजे न दिलेलं घेणं. पण हा शब्द घेण्यापुरताच पुरतो. घेतलेल्याचं पुढं काय करायचं, हे कुणी ठरवायचं?

पुस्तकाचं बळ आहे हेन्रिएटाची मुलगी डेबोरा. स्क्लूट तिच्याकडून नुसती माहिती काढून घेत नाहीत, तिला शोधात सोबत घेतात. प्रयोगशाळेत आईच्या पेशी बघणारी डेबोरा विसरता येत नाही. म्हणूनच उपसंहार तोकडा वाटतो. तिथली चर्चा मुख्यतः दोन गोष्टींभोवती फिरते: संमती आणि पैसा. विचारलं का, दिले का. डेबोरासारखीनं निर्णयाच्या टेबलाशी बसावं, ही तिसरी गोष्ट तिथं ठळक होत नाही.

ती घडली पुस्तकानंतर. २०१३ साली हेला पेशींचा जनुकीय आराखडा कुटुंबाला न विचारताच प्रसिद्ध झाला. कुटुंबानं हरकत घेतली. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेशी करार झाला. ही माहिती हवी असलेल्यांनी अर्ज करायचा आणि तो तपासणाऱ्या समितीत लॅक्स कुटुंबाची माणसं असणार. त्या करारात पैसा नव्हता, खुर्ची होती.

आपल्याकडंही २०१९च्या नियमांप्रमाणं औषधचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या नीतिसमितीत वैद्यकाबाहेरचा एक सामान्य माणूस लागतोच. चांगलंच आहे. पण आमच्या बेळगावात पेशंट घरी मराठी बोलतो, दवाखान्यात कन्नड ऐकतो आणि इंग्रजी कागदावर सही करतो. त्याच्या बाजूनं बसलेल्या त्या एका माणसानं 'हे मला कळलं नाही, परत सांगा' म्हटलं आणि बैठक तिथं थांबली, तर ती खुर्ची खरी. नाहीतर तीही एक सहीच.