सईद जाफरी : गोडबोले ते लल्लन मियाँ

मुसलमान नटाला मुसलमानाचीच भूमिका, आणि तीही टोपी, सुरमा, 'या अल्लाह' एवढ्याच सामानात, ही आपली जुनी तक्रार आहे. ती खोटी नाही. पण सईद जाफरी (१९२९–२०१५) यांची कारकीर्द तिच्याशेजारी ठेवली की दुखणे नेमके कुठे आहे ते कळते.

मालेरकोटल्यात जन्मलेले जाफरी १९५१ पासून आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर इंग्रजी निवेदन करीत, सोबत युनिटी थिएटरचा संसार. पुढे अमेरिका, मग लंडन, बीबीसी. १९६२ साली फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टू इंडिया'चे नाटक ब्रॉडवेवर आले, त्यात ते प्रोफेसर गोडबोले झाले. आपल्या कोकण-पुण्याकडचे आडनाव न्यूयॉर्कमध्ये वागवणारा नट मुसलमान! १९८४ साली डेव्हिड लीनने त्याच कादंबरीवर चित्रपट काढला तेव्हा गोडबोले केला ॲलेक गिनेस या इंग्रजाने, चेहरा रंगवून. जाफरींच्या वाट्याला हमीदुल्ला आला. बावीस वर्षांत कोण पुढे गेले? तरी दोनच वर्षांपूर्वी ॲटनबरोच्या 'गांधी'त सरदार पटेल तेच होते.

हे त्यांना साधले ते रेडिओमुळे, असे मला वाटते. रेडिओवर दाढी-टोपी दिसत नाही. माणूस लहजातूनच उभा करावा लागतो. 'शतरंज के खिलाडी'तला (१९७७) मीर रोशन अली पाहा. बायकोच्या खोलीत पलंगाखाली तरुण नातलग सापडतो. फौजेची माणसे धरून नेतील म्हणून लपलो, ही थाप मीरसाहेब गिळतात. इथे हशा सहज वसूल करता आला असता. जाफरी मात्र त्या भाबडेपणाला खानदानी अदब देतात. मीर मूर्ख ठरतो, पण विदूषक होत नाही. अवधची अख्खी तहजीब त्या आवाजात झोपा काढते आहे.

ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी हिंदी चित्रपटांत मात्र त्यांनी तोच आवाज स्वस्तात विकला. त्याचे समर्थन कशाला करावे?

आपल्या एकांकिका स्पर्धांत मुसलमान पात्र आले की लेखक अजून त्याला मोडके मराठी देतो. घरी अस्सल कोकणी बोलणारी आपली पोरेही निमूट तेच बोलतात. त्यांनी 'चश्मे बद्दूर'मधला (१९८१) पानवाला लल्लन मियाँ जरूर पाहावा. तो मुसलमान आहे हे कुणी लपवत नाही की मिरवत नाही. त्याला चिंता एकच, तीन पोरांकडे थकलेल्या सिगारेटच्या उधारीची.