प्रचारपट पाहावा कसा? ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’च्या निमित्ताने

लातूरच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा १९४६ सालचा चित्रपट दाखवायचे ठरवले, तेव्हा माझा हेतू साधा होता. सोलापूर आपल्या शेजारचे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथले. एक मराठी डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेला आणि तिथेच मरण पावला, एवढे तरी मुलांना कळावे. पहिला अर्धा तास वर्ग नुसता हसत होता. चिनी सेनानीच्या वेशातले बाबूराव पेंढारकर, चिनी मुलगी झालेल्या जयश्रीबाई, आणि सगळे चिनी अस्खलित हिंदीत बोलतात! शेवटी प्लेगने डॉक्टरांचा अंत होतो, तिथे मात्र वर्ग चिडीचूप झाला. दोघीतिघींनी डोळेही पुसले.

दिवे लावल्यावर मी फळ्यावर लिहिले : ९ डिसेंबर १९४२. त्याखाली मृत्यूचे कारण : अपस्मार. अपस्मार म्हणजे आपण ज्याला फेफरे किंवा ‘फीट येणे’ म्हणतो तो आजार. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, मग पिक्चरमध्ये खोटं का दाखवलं?’’

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर चित्रपटाच्या आत सापडत नाही. त्यासाठी तो कोणत्या काळात, कोणाच्या परवानगीने आणि कोणासाठी काढला गेला ते पाहावे लागते. म्हणून दुसऱ्या दिवशीचा तास मी कथेऐवजी फिल्मच्या रिळापासून सुरू केला.

त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ रासायनिकदृष्ट्या तोफांच्या धूरविरहित दारूचा सख्खा भाऊ. तो चटकन पेट घेतो, आणि नीट जपला नाही तर आपोआप कुजत जातो. जुने चित्रपट आज मिळत नाहीत याचे हे एक मोठे कारण. कच्ची फिल्म त्या वेळी हिंदुस्थानात बनतच नव्हती, सगळी परदेशातून येई. युद्ध सुरू झाल्यावर जहाजांतली जागा सैन्याच्या मालाला लागू लागली. फिल्मचा तुटवडा पडला, सरकारने तिच्यावर नियंत्रण आणले आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधून टाकली. ज्याच्या हाती कच्ची फिल्म, त्याच्या हाती चित्रपट. निर्मात्यांना सांगण्यात आले, की फिल्म हवी असेल तर युद्धप्रयत्नांना मदत करणारे चित्रपटही काढा. तमिळमधला ‘बर्मा राणी’ (१९४५) हा त्यातलाच, आणि ‘डॉ. कोटनीस’सुद्धा कागदोपत्री याच खात्यात जमा होता.

लघुपटांचे काम सरकारने आधीच सुरू केले होते. १९४० साली फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले. व्ही. शांताराम काही काळ त्याचे प्रमुख निर्माते होते. १९४२ मध्ये ते बाहेर पडले. १९४३ साली ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ या शाखा उभ्या राहिल्या. पण लोक प्रचारपट पाहायला पैसे देऊन येतील कशाला? म्हणून भारत संरक्षण नियमांत नवे कलम घालून चित्रपटगृहांवर सक्ती करण्यात आली : प्रत्येक खेळात २,००० फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवलीच पाहिजे. शिवाय तिचे भाडे भरायचे ते चित्रपटगृहाच्या मालकानेच.

इथे मुलांना एक गणित घातले. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि सेकंदाला २४ चौकटी सरकतात. तर २,००० फूट किती वेळ चालेल? सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २२ मिनिटे. प्रत्येक खेळाला २२ मिनिटे सरकारची! मुलांनी ११,००० फुटांचेही उत्तर काढले : दोन तास आणि वर दोन मिनिटे. नियमाची भाषा कोरडी असते, पण आकडा मिनिटांत मोजला की प्रेक्षक खुर्चीत किती वेळ अडकून बसला ते दिसू लागते. (ही सक्ती इंग्रजांबरोबर गेली, असे मात्र समजू नका. १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने या खात्याचा पैसा तोडला, पण १९४८ मध्ये स्वतंत्र भारताची फिल्म्स डिव्हिजन आली आणि सक्तीही परत आली. ‘भारतीय समाचारचित्र’ संपेपर्यंत बाहेर चहा पीत उभे राहिलेले शिक्षक आमच्या पिढीत भरपूर आहेत.)

लातूर आणि नांदेड त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते, निजामाच्या राज्यात होते. पण युद्धात निजाम इंग्रजांच्या बाजूने होता, इतका की ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले होते. तेव्हा शत्रू जपानी आणि मित्र चिनी, हे पडद्यावरचे चित्र इकडेही सरकारदरबारी मान्यच होते. लोकांचे काय?

कोड्याची खरी जागा ही आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले. सुभाषबाबूंची आझाद हिंद सेना जपान्यांच्या साथीने इंग्रजांशी लढली. १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात तिच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि ते अधिकारी देशभर वीर ठरले. अशा वेळी जपान्यांना खलनायक करणारा चित्रपट लोकांनी स्वीकारावा कसा? शांतारामबापूंनी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ सालच्या पुस्तकातून विषय निवडला, त्यात त्यांचे चातुर्य दिसते. कोटणीस ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातून १९३८ साली चीनला गेले, ते पथक काँग्रेसने पाठवले होते आणि त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते स्वतः सुभाषबाबू. चीन इंग्रजांचा मित्र, म्हणून सरकार खूश. नायक काँग्रेसने पाठवलेला, म्हणून प्रेक्षक खूश. परवाना इंग्रजांचा आणि जयजयकार देशाचा, असा हा व्यवहार होता. शिवाय चित्रपट पडद्यावर आला तेव्हा जपान शरण जाऊन महिने उलटले होते. ज्या कामासाठी फिल्म मिळाली ते काम संपले होते, उरली ती राष्ट्रीय कथा. आज आपण तेवढीच पाहतो.

आता प्लेगकडे येऊ. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, बायको आणि काही महिन्यांचा मुलगा मागे ठेवून गेलेला हा डॉक्टर फिट्सनी गेला, हे पडद्यावर दाखवायला काय हरकत होती? माझा तर्क असा. प्लेग हा महाराष्ट्राच्या ओळखीचा शत्रू होता. १८९६-९७ ची मुंबई-पुण्याची साथ प्रेक्षकांच्या घराघरांतून सांगितली जात होती. हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हेही ऐकलेले होते. साथीशी लढता लढता डॉक्टर पडला, की तो सैनिकासारखा हुतात्मा होतो. फेफऱ्याने मेलेल्याला आपला समाज हुतात्मा म्हणत नाही. तो रोग लपवण्याचा, लग्न मोडणारा, कांदा नाही तर चप्पल हुंगवून ‘उतरवण्याचा’. नायकाच्या वाट्याला असा रोग देण्याची हिंमत १९४६ च्या चित्रपटात नव्हती. आजच्या चित्रपटांत ती कितपत आहे, ते तुम्हीच पाहा.

माझी या चित्रपटाबद्दलची खरी तक्रार हीच आहे. चिनी लोक हिंदी बोलतात याला माझी ना नाही, ती तेव्हाची सोय होती. पण फिट्सचा त्रास असलेला माणूस डोंगराळ मुलखातल्या युद्धकालीन रुग्णालयाचा कारभार सांभाळतो, शस्त्रक्रिया करतो, विद्यार्थ्यांना शिकवतो, ही प्लेगपेक्षा मोठी गोष्ट होती. तीच गाळली गेली. त्या तासाला मी मुलांना सांगितले, की अपस्मारात मेंदूतल्या पेशींचे विद्युत्संदेश काही काळ एकदम बेताल होतात. तो संसर्गजन्य नाही. फीट आलेल्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि पाच मिनिटांत फीट थांबली नाही तर दवाखाना गाठावा. तास संपल्यावर एक मुलगा माझ्यामागोमाग आला आणि हळूच म्हणाला, ‘‘सर, माझ्या ताईला येतात.’’ हे त्याने शाळेत पहिल्यांदाच कुणाला सांगितले असावे.

या चित्रपटाची पुढची हकिगतही मुलांना सांगण्यासारखी आहे. त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली होती. १९५० च्या दशकात ती अमेरिकेत पोचली तोवर चीनमध्ये साम्यवादी राजवट आली होती आणि अमेरिकेच्या लेखी चीन मित्राचा शत्रू झाला होता. तिथल्या वितरकाने चित्रपटाची कापाकापी करून तो ‘नाइटमेअर इन रेड चायना’ या नावाने चालवला. चीनशी मैत्री सांगणारी तीच दृश्ये आता चीनची भीती घालू लागली. छायाचित्रण, नट, अश्रू तेच. कात्री आणि नाव तेवढे बदलले. वर्गात याचा प्रयोग सहज करता येतो. कोणत्याही पाच मिनिटांच्या चित्रणाचा आवाज बंद करा आणि मुलांच्या दोन गटांना दोन उलट अर्थांची निवेदने लिहायला सांगा. आमच्याकडे दोन्ही निवेदने चित्राला अगदी चपखल बसली, त्याने मुले थोडी घाबरलीच.

इथवर सगळे सोपे होते, कारण चीन दूर आहे. कठीण भाग आपल्या अंगणातला. १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांत झेंडावंदन होते. त्या दिवसाशी जोडलेले चित्रण आता सहज पाहता येते : १८ सप्टेंबर १९४८ रोजी सिकंदराबादजवळ निजामाचे सेनापती एल एद्रूस जनरल जयंतनाथ चौधरींपुढे शरण येतात. दोन गणवेशधारी अधिकारी, शिस्त, शांतता. ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्दही त्या चित्राला शोभतो. पण सोलापूरहून नळदुर्गमार्गे पुढे सरकले ते रणगाड्यांसह सैन्य होते. हैदराबादने आपले प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेले होते, आणि ही आमची अंतर्गत बाब आहे असे भारताला जगाला सांगायचे होते. ‘पोलीस’ हा शब्द त्या गरजेला सोयीचा होता.

रझाकारांचे अत्याचार या चित्रणाच्या आधीचे. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत ते आजही सांगितले जातात आणि ते खरे आहेत. त्यांचा नेता कासीम रझवी लातूरचाच वकील. कारवाईनंतर जे घडले, ते पाहायला केंद्र सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसल्याचे समितीने नोंदवले (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते). संस्थानात मारल्या गेलेल्यांची संख्या तिने किमान २७ ते ४० हजार धरली. मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते. लातूर शहराबद्दलही त्या अहवालात वेगळी नोंद आहे. अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. शरणागतीच्या दिवशी कॅमेरा सिकंदराबादला होता, लातूरच्या बाजारपेठेत नव्हता.

हे सगळे मी नांदेडच्या एका शिक्षकमित्राला ऐकवले. ते म्हणाले, ‘‘कोटणीसांपर्यंत ठीक आहे हो. हे मात्र नववीच्या मुलांपुढे नको. घरी जाऊन काय सांगतील?’’ त्यांची भीती खोटी नाही. दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले आमच्या एकाच बाकावर बसतात. बरीच चर्चा होऊन असे ठरले, की यंदा दहावीच्या मुलांना शरणागतीचे चित्रण आधी आवाज बंद करून दाखवायचे आणि एवढेच विचारायचे : यात कोण दिसते, कोण दिसत नाही, आणि कॅमेरा कोणाचा होता? मग ज्यांच्या घरी त्या काळच्या गोष्टी ऐकलेले आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांना विचारून पानभर लिहून आणायचे. वह्या आधी आम्ही दोघे वाचू. वर्गात काय वाचायचे, ते त्यानंतर.