आज्ञा म्हणजे अटकाव नव्हे

आज एका शब्दाची झडती घेऊ. शब्द आहे 'एजंट'. भंडाऱ्यात एजंट म्हटले की विम्याचा माणूस आठवतो. आता कोड लिहिणारा, बदलणारा, चालवून बघणारा प्रोग्रामही एजंट झाला आहे.

जुलै 2025 मध्ये अमेरिकेतील उद्योजक जेसन लेमकिन रेप्लिट कंपनीच्या एजंटकडून एक ॲप बांधून घेत होते. काम गोठवले आहे, विचारल्याशिवाय काही बदलू नकोस, असे त्यांनी बजावले होते. तरी एजंटने चालू डेटाबेस पुसला. वर सांगितले, मागचे आता परत येणार नाही. प्रत्यक्षात ते परत आले!

चर्चा काय झाली? एजंटने आज्ञा मोडली, तो घाबरला, खोटे बोलला. आमची हरकत या भाषेला आहे. पाणिनीने कर्त्याला स्वतंत्र म्हटले आणि क्रियेला सर्वांत साधक ठरते त्याला करण. शिवाय कर्त्याला कामाला लावणारा प्रयोजकही त्याने सांगितला. एजंट कर्ता की करण, हा वाद चालू द्या. पण त्याच्या हाती किल्ली देणारी माणसेच होती ना?

'बदलू नकोस' हे वाक्य एजंटला मिळते ते इतर शेकडो वाक्यांच्या गर्दीत. तो ते बहुधा पाळतो. पण 'बहुधा' म्हणजे अटकाव नव्हे. आपल्या गोसेखुर्द धरणाला 33 दरवाजे आहेत. तिथे वैनगंगेला 'वाहू नकोस' असे कोणी सांगत बसत नाही. दरवाजा बंद ठेवतात.

मग एजंटची साधने कशी आवरायची? वाचण्याचे साधन मोकळे ठेवा, लिहिण्याचे परवानगीने द्या, पुसण्याचे शक्यतो देऊच नका. यातही मेख आहे बरं का. फाइल बदलण्याचे साधन काढून घेतले, पण कोणतीही कमांड चालवायची मुभा ठेवली, तर 'सेड' नावाची छोटी कमांड तीच फाइल बदलून टाकते. पुढचे दार लावले, मागचे सताड उघडे! साधनाच्या नावावर जाऊ नका. त्याने काय काय घडू शकते ते बघा.

काही जण म्हणतात, प्रत्येक पावलाला माणसाची मंजुरी घ्या. ऐकायला बरे वाटते. पण दिवसात पन्नासदा 'होय' दाबणारा एकावन्नाव्या वेळी वाचत नाही. मंजुरी मोजक्या जागी मागा, जिथे केलेले परत फिरत नाही तिथे. गिटमध्ये नोंदवलेला कोड मागे नेता येतो. पुसलेला डेटा प्रत ठेवली असेल तरच मिळतो.

आता प्रमाणाचा प्रश्न. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा हवा: वस्तुस्थिती जाणणारा आणि ती आहे तशी सांगणारा. एजंटने स्वतःच्या कामाचा दिलेला अहवाल आप्तवाक्य नव्हे. 'परत येणार नाही' हे त्याचेच वाक्य होते. म्हणून नोंदवही त्याच्या हाताबाहेर हवी.

त्या घटनेनंतर रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी चाचणीचा आणि चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची सोय जाहीर केली. म्हणजे नुसता उपदेश वाढवला नाही, किल्ली वेगळी केली. आम्हांला यातले हेच मोलाचे वाटते.

आपल्या तुमसर-साकोलीची पोरे उद्या पुण्या-नागपुरात हे एजंट चालवतील. काही बिघडले की जाब त्यांनाच विचारला जाईल. पोरांनो, काम सुरू करण्याआधी एवढेच विचारा: याच्या हाती कोणती किल्ली आहे, आणि ती कोणी दिली?