‘गॉल’चे तळदर्शन

हल बंदराची ‘गॉल’ ही मासेमारी नौका १९७४ च्या फेब्रुवारीत बॅरंट्स समुद्रात ३६ माणसांसह नाहीशी झाली. संकटाची हाकही कोणाच्या कानी आली नाही. मग ती हेरगिरीस गेली होती, रशियनांनी धरून नेली, अशा वावड्या उठल्या. १९९७ साली एका ब्रिटिश दूरचित्रवाणी-चमूने ती सुमारे २८० मीटर खोल पाण्यात शोधून काढली. सरकारने तेवीस वर्षे जे केले नाही ते त्यांनी केले, हे श्रेय निर्विवाद होय.

परंतु अशा शोधपटांना रहस्याची चटक असते. दिव्याच्या झोतात पत्रा दिसला की प्रेक्षक हेराची वाट पाहू लागतो! २००४ च्या फेरचौकशीने दिलेले उत्तर मात्र अगदी साधे होते: मासळीची घाण बाहेर टाकण्याच्या दोन मोऱ्या उघड्या राहिल्या व त्यांतून पाणी आत शिरले. या साधेपणानेच आम्हांस शहारे आले. निष्कर्षाची भाषा मात्र आम्हांस खटकते. मोऱ्या ‘उघड्या राहिल्या’ म्हणताच दोष खलाशांकडे सरकतो, आणि त्यांच्यापैकी कोणीही साक्षीस येऊ शकत नाही. अनेक कुटुंबीयांनी हा निष्कर्ष मानला नाही, याचे आम्हांस नवल वाटत नाही.