वाचता येणारे गाढव: ‘ॲनिमल फार्म’मधील प्रतीक आणि प्रचार

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’ (१९४५) या रूपककथेचे वाचन बहुधा समीकरणे मांडून संपते. नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, प्राण्यांचे बंड म्हणजे १९१७ ची क्रांती. ही समीकरणे चुकीची नाहीत; मात्र त्यांतून कथेचा संदर्भ कळतो, प्रचार विश्वसनीय कसा ठरतो हे कळत नाही.

त्यासाठी कोठाराच्या भिंतीवरील सात आज्ञांकडे वळावे लागते. लिखित शब्द हा सामूहिक स्मृतीचा पुरावा असतो. परंतु या शेतावर अक्षरज्ञानाची वाटणी विषम आहे. डुकरांना उत्तम लिहिता-वाचता येते. क्लोव्हर या घोडीला मुळाक्षरे येतात, पण शब्द जुळवता येत नाहीत. बॉक्सर चौथ्या अक्षरापुढे जात नाही. त्यामुळे आज्ञांना पुरवण्या जोडल्या जातात तेव्हा क्लोव्हरच्या मनातील शंका स्मृतीतून उपजते आणि भिंतीवरील मजकूर ऐकून मावळते. स्क्वीलरचे सामर्थ्य केवळ वक्तृत्वात नाही. दावा करणारा आणि पुरावा लिहिणारा हात एकच आहे, हे त्याचे खरे बळ होय.

या व्यवस्थेत बेंजामिनचे स्थान विचारात घ्यावयास हवे. गाढव म्हणजे निर्बुद्धता हा मराठी वाचकाला परिचित असलेला संकेत येथे उलटा होतो. बेंजामिनला डुकरांइतकेच चांगले वाचता येते. तो वाचत मात्र नाही. मध्यरात्री मोडलेली शिडी आणि सांडलेला रंग यांच्या शेजारी स्क्वीलर पडलेला आढळतो, तेव्हा त्याचा अर्थ एकट्या बेंजामिनला उमगतो, आणि तो गप्प राहतो. त्याच्या या अलिप्ततेत लेखकाचीच भूमिका पाहण्याचा मोह होतो. परंतु संहिता तिला अनुमोदन देत नाही. बॉक्सरला नेणाऱ्या गाडीवरील खाटिकखान्याची अक्षरे तो मोठ्याने वाचतो खरा. तोवर उशीर झालेला असतो. प्रचार निरक्षरांच्या अज्ञानावर जितका पोसला जातो, तितकाच साक्षरांच्या मौनावर.

या कृतीचे पुढील चरित्रही याच सूत्राची साक्ष देते. १९४४ मध्ये, सोव्हिएत संघ ब्रिटनचा मित्र असताना, अनेक प्रकाशकांनी ती नाकारली. फेबरच्या वतीने नकार कळविणारे टी. एस. एलियट होते. १९५४ साली निघालेल्या चलच्चित्रपटाला अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर संस्थेचा पैसा होता. कादंबरिकेच्या अखेरीस डुकरे आणि माणसे यांचे चेहरे वेगळे ओळखता येत नाहीत. चित्रपटात प्राणी डुकरांविरुद्ध पुन्हा उठतात. माणसांवरील, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या सत्तेवरील, आरोप अशा रीतीने सौम्य झाला. ऑर्वेल १९५० मध्येच निवर्तला होता. प्रचाराची चिकित्सा करणारी संहिता प्रचारासाठी वापरली गेली, आणि तीही भिंतीवरील आज्ञेप्रमाणे बदलून.

म्हणूनच केवळ समीकरणांवर थांबणारे वाचन अपुरे ठरते. ते दोष एका राजवटीवर ठेवून वाचकाला मोकळे करते. मूळ संहिता मात्र त्याला बेंजामिनच्या शेजारी, भिंतीसमोर उभे करते. ज्यांना वाचता येते त्यांनी केव्हा वाचून दाखवावे, हा तिचा प्रश्न आहे. आणि समीक्षकाला तो टाळता येणार नाही.