चुकलेला काप आणि सेनेट यांचे तीन प्रकार

संशोधनाच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात, नावाजलेल्या अभ्यासकाच्या वर्गीकरणावर टीका करायची तरी कशी? एक साधी पद्धत आहे. ते वर्गीकरण ज्या उदाहरणासाठी बनलंच नव्हतं, तिथे लावून बघा. कुठे अडतं ते नीट लिहून काढलं, की टीका तयार होते. आज समाजशास्त्रज्ञ रिचर्ड सेनेट यांना असं तपासू.

कारागिरीवरचं त्यांचं 'द क्राफ्ट्समन' २००८ मध्ये आलं आणि 'टुगेदर' २०१२ मध्ये. 'टुगेदर'मध्ये ते दुरुस्तीचे तीन प्रकार मांडतात: वस्तू होती तशी करणं, रूप तेच ठेवून आतले भाग सुधारणं, आणि मोडलं आहेच तर वस्तूला वेगळं रूप किंवा वेगळं काम देणं. मांडणी सुटसुटीत आहे, म्हणून ती लगेच उचलली जाते. पण तिन्ही प्रकारांत एक गोष्ट गृहीत आहे: वस्तू आधी पूर्ण झालेली होती.

आता उदाहरण घ्या घरी बनवायच्या आर्केड कॅबिनेटचं. पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचे तसलं उभं खोकं, १८ एमएम प्लायचं. इथे करवत चुकते तेव्हा वस्तू अजून झालेलीच नसते. असतो फक्त कागदावरचा नकाशा. मग 'होती तशी' म्हणजे कशी?

काही चुका सेनेट यांच्या चौकटीत बसतात. कडेला प्लास्टिकची पट्टी बसवायची खाच मध्यभागी न येता सरकली, तर खाचेत लाकडाची चिप फेव्हिकॉलने भरायची, वाळल्यावर घासायची आणि खाच पुन्हा पाडायची. हा सरळ पहिला प्रकार. बटणाचं भोक ३० एमएमऐवजी २८ चं पडलं, तर होल-सॉला मधोमध धरायला लाकूड उरत नाही. अशा वेळी ३० चं भोक असलेला फळीचा तुकडा वर क्लॅम्पने आवळून त्यातून कापतात. बटण विकतचं, त्याचं माप हलत नाही. म्हणून भोकालाच सुधारावं लागतं.

पण बाजूच्या फळीचं वळण ४ एमएम जास्त आत कापलं गेलं तर? जाणता सुतार तिथे लांबी भरत बसत नाही. तो ते वळण घासून स्वच्छ करतो, ती फळी दुसऱ्या बाजूच्या फळीवर आवळतो आणि राउटरने दुसरीही तशीच करून घेतो. म्हणजे चुकलेल्या फळीला फारसा हात लागतच नाही, बदलते ती बरोबर असलेली फळी! हे सेनेट यांच्या कोणत्या प्रकारात टाकाल? कोणी म्हणेल, तिसऱ्या. पण खोक्याचं काम तेच आहे, बघणाऱ्याला रूपही तेच वाटतं. बदललं ते एवढंच, की आता माप नकाशाचं चालत नाही, फळीचं चालतं.

ही काही प्लायच्या जमान्यातली युक्ती नाही. आमच्या आसेगावकडच्या बंडीचं लाकडी चाक बघा. लोखंडी धाव तयार चाकाच्या घेरावरून मापतात, मग तापवून चढवतात आणि पाण्याने आवळतात. चाक थोडं लहान झालं, तर धावही तेवढी लहान. लाकडाची चूक लोखंड पोटात घेतं, कारण लोखंडाचं माप अजून ठरलेलं नसतं. आतल्या फळ्या आधीच कापून न ठेवता जागेवर माप घेऊन कापायच्या, यामागेही हेच शहाणपण आहे.

म्हणून माझा आक्षेप असा: सेनेट दुरुस्ती झाल्यावर वस्तू कशी दिसते यावरून प्रकार पाडतात. कारागिराचा निर्णय त्याआधी होतो, आणि तो एका प्रश्नावर होतो: कोणतं माप अजून हलवता येतं? हा प्रश्न त्यांच्या वर्गीकरणात कुठेच येत नाही. झिजलेल्या, फुटलेल्या वस्तूंसाठी त्यांचे तीन प्रकार उपयोगी आहेत, हे मान्य. घडत असलेल्या वस्तूसाठी ते पुरत नाहीत.

याचा फरक थेट तुमच्या प्रश्नावलीवर पडतो. सुताराला 'दुरुस्ती कशी करता?' असं विचारलं, तर तो लांबी आणि पाचर सांगेल. 'एक फळी चुकली, तर दुसरं काय काय बदलता?' असं विचारून बघा. पुस्तकात नसलेलं उत्तर तिथे मिळेल.