समाईक पृष्ठरचना आणि कंट्रोलरचा अधिकार

संकेतस्थळाच्या प्रत्येक पृष्ठावर शीर्षपट्टी, दिशादर्शक दुवे व तळपट्टी सारखीच असावयाची. तेव्हा ती एकदाच लिहून सर्व कंट्रोलरांनी वापरावी, या अपेक्षेविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो या समाईक चौकटीची निवड कोणी करावी, याविषयी. ‘रुबी ऑन रेल्स’ (२००४) आणि ‘जँगो’ (२००५) या दोन फ्रेमवर्कांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे परस्परांच्या उलट आहेत.

रेल्समध्ये हा अधिकार कंट्रोलरकडे आहे. लेआउटचा स्पष्ट निर्देश नसेल, तर फ्रेमवर्क प्रथम कंट्रोलरच्याच नावाचा लेआउट शोधते; तो नसल्यास पूर्वज-कंट्रोलरकडे वळते आणि अखेरीस ‘ॲप्लिकेशन’ या नावाच्या लेआउटचा आश्रय करते. कंट्रोलर शंभर असले तरी पुनरुक्ती होत नाही. जँगोमध्ये कंट्रोलरचे कार्य करणारे फंक्शन (तेथे त्याला ‘व्ह्यू’ म्हणतात) केवळ टेम्पलेटचे नाव सांगते. आपला मूळ आराखडा कोणता, हे टेम्पलेटच ‘एक्स्टेंड्स’ या शब्दाने जाहीर करते.

ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी १९७८-७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मॉडेल, व्ह्यू व कंट्रोलर ही विभागणी मांडली. तिच्या निकषावर जँगोची रीत अधिक शुद्ध ठरते, कारण रूपाचा निर्णय रूपाच्याच कक्षेत राहतो. परंतु एवढ्यावरून रेल्सला दोष देणे न्याय्य नव्हे. व्यवस्थापकाला एक चौकट आणि सामान्य वाचकाला दुसरी दाखवावयाची असेल, तर तो निर्णय केवळ रूपाचा राहत नाही. मागणी कोणाची आहे हे कंट्रोलरलाच ठाऊक असते.

खरे वैगुण्य अन्यत्र आहे. लेआउटला स्वतःचीही सामग्री लागते : वापरकर्त्याचे नाव, न वाचलेल्या संदेशांची संख्या. ही सामग्री कंट्रोलरने चलांत भरून ठेवावी, असा संकेत बहुधा अलिखित असतो. एखाद्या नव्या कंट्रोलरने तो पाळला नाही, तर रुबीत न भरलेले चल निमूटपणे ‘निल’ ठरते आणि जँगोचे टेम्पलेट अज्ञात चलाच्या जागी रिकामी जागा सोडते. पृष्ठ दिसते, पण अपुरे. चुकीची वार्ता प्रथम वाचकाला लागते, लेखकाला नाही.

यावर उपाय दोन्हीकडे उपलब्ध आहे. रेल्समध्ये लेआउटने चलाऐवजी हेल्पर-मेथडकडे सामग्री मागावी. ती मेथड नसल्यास त्रुटी तत्काळ प्रकट होते. जँगोमध्ये ‘कॉन्टेक्स्ट प्रोसेसर’ ही सामग्री एकाच ठिकाणाहून सर्व टेम्पलेटांना पुरवितो. चौकट समाईक करणे सोपे आहे. तिच्या गरजा लिहून ठेवणे हे अभ्यासकाचे खरे काम होय. निवडीचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.